शेवटच्या शाळेची घंटा

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, कडेला अंग चोरून बसायचं कारण नाही. कथाही फार लांबची नाही. अमरावतीहून तिवशाला मोटार पोचते तेवढ्या वेळात सांगून होईल. एका दुकानदाराच्या तोंडून भर कीर्तनात एक वाक्य निघून गेलं आणि ते एका बाईनं रस्त्यावर बसून झेललं, एवढीच गोष्ट. पण त्या वाक्यापायी त्या भल्या माणसाला कुठं कुठं जावं लागलं, ते ऐका.

अमरावतीला खुशालरावांचं शाळेच्या सामानाचं दुकान होतं. पाट्या, वह्या, दौती, दप्तरं, कंपासपेट्या. माणूस सरळ. पण दोन गोष्टींपुढे त्याचं भान सुटायचं. एक कीर्तन आणि दुसरी झांज. झांज वाजायला लागली की खुशालराव गिऱ्हाइकाला अर्धी शाई देऊन पुऱ्या शाईचा नमस्कार करीत, असं त्यांची बायको दुर्गाबाई म्हणे.

साल त्रेसष्टचं. जेठाचा महिना, शाळा उघडायच्या आधीचे दिवस. दुकानात पावती फाडली की खाली विक्रीकराचे पैसे वेगळे लागत. रुपयामागे काही नवे पैसे. ऐकायला थोडे वाटतात. पण तिघा लेकरांचं सामान घेऊन, पदराची गाठ पक्की मारून उठलेल्या आईला "बाई, कराचे राहिले" म्हणावं लागे, आणि ती गाठ पुन्हा सोडताना जी बघे, ते बघणं खुशालरावांच्या छातीत रुतून बसे. दरसाल रुते. दरसाल ते म्हणत, काही केलं पाहिजे. आणि दरसाल काही करीत नसत.

त्या वर्षी देवळात सप्ताह बसला. कीर्तनाला अकोल्याचे देवमनबुवा. आवाज असा, की मागच्या वडाच्या पारावर बसलेल्यालाही वाटावं, बुवा आपल्याच कानात बोलतात. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. बुवांनी सांदीपनींच्या घरचं आख्यान लावलं होतं.

"देव झाला म्हणून काय झालं?" बुवा म्हणाले. "गुरूच्या घरी त्याले बी लाकडं आणा लागली. मोळी डोक्यावर घेऊन भिजला थो. शाळा देवाले सुटली नाई, अन् तुमी तुमच्या लेकरायले तिसरीतून काढून ढोरामागं पाठवता?"

मग बुवांनी त्यांची रीत काढली. ही रीत त्यांचीच, दुसऱ्या कुण्या कीर्तनकाराची मी पाहिली नाही. बुवा बिदागी घेत नसत. काला वाटायच्या आधी रिकामं ताट समोर ठेवून ते म्हणत, "याच्यात पैसा टाकू नका. नेम टाका. जो पाळता येईल थोच टाका. देव ताट घासून पाह्यते."

एक म्हातारा उठला, त्यानं विडी टाकली. एकानं भावाशी तुटलेलं बोलणं पुन्हा धरलं. झांजा वाजतच होत्या. आणि खुशालराव उठले. पाय कसे उठले त्यांनाही कळलं नाही.

"महाराज," ते ओरडले, "शाळेच्या सामानावर मी गिऱ्हाइकापासून विक्रीकर घेणार नाई! सरकारचं सरकारले मी माझ्या गल्ल्यातून भरीन!"

"वा! कधीपर्यंत?"

आठ दिवस म्हणायचं होतं हो. तोंड उघडलं तेव्हा मनात आठच दिवस होते. पण झांजेच्या ठेक्यावर आठ दिवस फार बुटके वाटले.

"शेवटच्या शाळेची घंटा वाजेपर्यंत!"

जयघोषानं मंडप उचलला गेला. बायकांच्या बाजूला दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला.

घरी जाताना त्या म्हणाल्या, "अवो, शेवटची म्हंजे कोनती?"

"जी शेवटी उघडते थे."

"ते मले बी समजते. पण कोनती?"

"अवं, एक जुलैले समद्या शाळा उघडतात. पंधरा-सोळा दिवसाचा तर कारभार हाय. तू काहून घाबरून राहिली?"

"मी नाई घाबरून राहिली. तुमी बोलले का मले हिशेब आठोते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी पेंटर बोलावला. दुकानावर जुना पत्रा होता, माणसाएवढा लांब, चांगला जाड. त्यावर निळ्या रंगात लिहून घेतलं: शाळेच्या सामानावर विक्रीकर माफ. आणि खाली, कारण नेमाचा शब्द बदलायचा नसतो: शेवटच्या शाळेची घंटा वाजेपर्यंत.

गर्दी झाली. करखात्याचा एक माणूसही चौकशी करून गेला. त्याचं म्हणणं एकच, पैसा सरकारात भरला जावा, मग तो कोणाच्या खिशातून येतो ते तुमचं तुम्ही पाहा. समोरच्या दुकानातले पंजाबराव मात्र रोज टोमणा मारून जात. त्यांचंही दुकान पाट्या-वह्यांचंच.

"काय खुशालराव, सरकार चालवून राहिले म्हणे तुमी?"

"चालवून नाई राहिलो, पंजाबराव. लोटून राहिलो."

एक जुलैला सोमवारी सगळ्या शहरात घंटा वाजल्या. खुशालराव दुकानात बसून त्या ऐकत होते आणि प्रत्येक घंटेला त्यांच्या मानेवरचं ओझं हलकं होत होतं. मंगळवारी सकाळी ते स्टुलावर चढले आणि पत्र्याचा पहिला खिळा उपटला.

"बोर्ड काहून काढून राहिले, भाऊ?"

खाली एक बाई उभी होती. चाळिशीची असेल. हातापायांना विटांची लाल धूळ, पदर कमरेला खोचलेला, पाय रोवून उभी.

"मुदत सरली, बाई. घंटा वाजल्या."

"आमची नाई वाजली."

खुशालराव स्टुलावरच थांबले. "कोनती तुमची?"

"बोरखेडी. तिवशाच्या पुढं. गाव नाल्याच्या अलीकडं, आमची वस्ती पलीकडं. शाळा मंजूर हाय, पण उघडली नाई. तवा शेवटची शाळा आमचीच झाली का नाई?"

"तुमाले कोणी सांगतलं माह्या नेमाचं?"

"कोणी कशाले सांगन? मी होती नं. देवळाच्या बाजूले माडी बांधून राहिले, तिथं विटा वाह्याले होती. दुपारची सुट्टी झाली, तवा रस्त्यावर बसून भाकर खाल्ली. आत नाई आली मी. आमी आता बुद्धाचे. अन् आधी बी कोणी आत बस म्हणत नोतं. पण तुमी लय मोठ्यानं बोलले, भाऊ. रस्त्यावर बी आयकू आलं."

समोर पंजाबराव खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांना हसू आवरेना.

"बाई, तुमी बोर्ड वाचला का पुरा?"

"मले वाचता येत नाई. म्हणूनच मी आयकलेलं इसरत नाई."

या बाईचं नाव सुंदराबाई. तिनं उभ्या उभ्या जे सांगितलं ते असं. पावसाळ्यात नाला दोन-अडीच महिने चढलेला असतो. गावातली शाळा नाल्याच्या अलीकडं. वस्तीतली लेकरं कोरड्या दिवसांत जेवढी अक्षरं शिकत, तेवढी पावसाळ्यात विसरत. मागल्या साली तिची सात वर्षांची लेक पंचफुला दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली आणि कमरेइतक्या पाण्यातून परत ओढून आणावी लागली. तेव्हापासून सुंदराबाईनं डोक्यात घेतलं, शाळा पलीकडेच पाहिजे. शाळाखात्याच्या कचेरीत खेटे घातले. शेवटी तिथले साहेब म्हणाले, मास्तर एकच आहे आणि मागणाऱ्या वस्त्या दोन. पंधरा जुलैला येतो. पावसात न गळणारी खोली आणि वीस लेकरं हातात पाट्या घेऊन जिथं दिसतील, मास्तर तिथं उतरेल. नाही दिसली तर गाडी पुढच्या वस्तीला.

"भिंती आमीच बांधून राहिलो," ती म्हणाली. "विटा वाह्याले गेली, थे त्याच्यासाठीच गेली. मोडक्या विटा ठेकेदारानं मजुरीत देल्या. पाट्या राहिल्या. आता तुमी बोर्ड काढला तर काढा. पण मंग नेम मोडला असं म्हणा. सरला म्हणू नका."

"मी फुकट देतो तुमाले वीस पाट्या," खुशालराव खाली उतरत म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना सुटका पाहिजे होती.

"फुकट नको. फुकटचं दप्तर लेकरं कुठं बी फेकतात. पैसा देऊ. कर माफ, तेवढंच. तुमी जे बोलले तेवढंच पायजे, त्याच्या वर नको."

आणि ती विटांच्या कामावर निघून गेली. खुशालरावांनी उपटलेला खिळा हातात फिरवला आणि पुन्हा ठोकला.

आता बघा गंमत. पंधरा तारखेला मास्तर दुसऱ्या वस्तीला गेला, तर बोरखेडीच्या वस्तीची घंटा त्या वर्षी नाही, पुढल्याही वर्षी नाही. कदाचित कधीच नाही. म्हणजे खुशालरावांचा नेम जन्मभराचा झाला! संध्याकाळी पंजाबराव समजूत घालायला आले.

"अहो, शेवटची शाळा म्हंजे आपल्या शहरातली. चार मोठी माणसं बोलावू, मी बी सांगतो तसं. थे बाई कोण, कुठची? तिच्या बोलण्यावर दुकान बुडवता का?"

म्हणणं गोड होतं. खुशालरावांना ते रात्री जेवतानाही गोडच लागलं. दुर्गाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चार माणसं बोलावता, त्यायच्यात मले नका बोलावू. मी तिथं होती. मी बी आयकलं."

मग खुशालरावांना वाट सुचली. नेम ज्यांच्या ताटात टाकला, त्यांनीच सोडवावा. सकाळच्या मोटारीनं ते अकोल्याला गेले.

देवमनबुवा कीर्तन नसलं की मृदंग दुरुस्त करीत. ओट्यावर बसून ते मृदंगाच्या चामड्यावर, पुडीवर, काळी शाई घोटत होते, हात कोपरापर्यंत काळे. खुशालरावांनी सगळं सांगितलं. बुवांनी मान वर केली नाही.

"महाराज, तुमी म्हणत असान तर मी देवळाले घंटा देतो. पितळेची. मोठी. त्याच्या बदली..."

"देवळात घंटा हाय," बुवा म्हणाले. "म्यां वाजवून पाह्यली. चांगली वाजते."

"मंग मले सोडवा."

"मी कसा सोडवू? नेम का म्यां घरी आणला? ताट रिकामं होतं, थे देवळातच राह्यलं." त्यांनी पुडीवर बोट आपटून कान लावला, पुन्हा घोटायला लागले. "खुशालराव, तुमी बोलले तवा म्यां तुमच्याकडं पाह्यलं होतं. डोळ्यात पाणी होतं तुमच्या. थे खोटं होतं का?"

"नाई महाराज."

"मंग? शेवटच्या शाळेची घंटा वाजली का नेम सुटते, असं तुमीच म्हणलं. सुटाची वाट तुमीच सांगून ठेवली, अन् इथं अकोल्यात काहून शोधून राहिले? जा, घंटा वाजवा."

"अन् नाई वाजली तर?"

"तर पुढल्या जेठात मी येतो. बोर्ड तसाच दिसला तर त्याच्याखाली बसून कीर्तन करीन."

परतीच्या मोटारीत खुशालराव खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि कुठंतरी मध्येच त्यांचं मन पालटलं. सुटायचं कसं हा विचार सुटला. खोलीला काय कमी आहे, हा लागला. घरी येऊन चपला काढायच्या आधीच ते म्हणाले, "मी बोरखेडीले जातो. रविवारी."

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बोलले तवा तोंड तुमचं होतं," त्या म्हणाल्या. "आता पाय बी तुमचेच. बरोबर हाय." आणि पाट्या गवताच्या पेंढीत एकावर एक रचून बांधून द्यायला त्या स्वतः बसल्या. निघताना म्हणाल्या, "बोर्ड बी घेऊन जा. तिथं टांगा, अन् घंटा वाजली का जिच्यामुळं लटकून राह्यला, तिच्याच हातानं उतरू द्या. नाईतर पंजाबराव म्हणतीन, घंटा कोणी आयकली?"

"अन् तोवर दुकानात?"

"दुकानात मी हाय. कर घेत नाई. बोर्ड नसला म्हणून मी का बहिरी झाली?"

रविवारी, चौदा तारखेला, तिवशाच्या फाट्यावर खुशालराव उतरले. पाट्यांचं ओझं, वर तो माणसाएवढा पत्रा. तिथून बैलगाडी नाल्यापर्यंत, आणि नाला पायी. पाणी गुडघ्याच्या वर होतं. पलीकडून सुंदराबाई आणि एक म्हातारा उतरून आले. म्हाताऱ्याचं नाव डोमाजी. वस्तीचा गवंडी तोच.

"आले का, भाऊ?" सुंदराबाई म्हणाली. आश्चर्य वगैरे काही नाही. जणू येणारच होते.

"अन् हे काय आणलं? बोर्ड?" तिनंच विचारलं.

"इथं टांगाले. घंटा वाजली का तुमी उतरवा."

"आधी खोली पाहा. मंग बोला."

खोली उभी होती. भाजल्या विटांच्या, मातीत बांधलेल्या भिंती, वर जुने पत्रे. कुठल्याशा कापसाच्या जिनिंगच्या पडलेल्या गोदामाचे पत्रे वस्तीनं वर्गणी काढून घेतले होते. पण एका कोपऱ्यात, दाराच्या उजव्या हाताला, आभाळ दिसत होतं. खाली तेवढ्या जागेत चिखल झालेला.

"हे काय?"

डोमाजी दुसरीकडे पाहू लागला. सुंदराबाई म्हणाली, "आमच्या डोमाजीबाबानं दोरी नाई लावली. म्हणे, पन्नास वर्षं भिंती बांधल्या, मले दोरी कशाले? डोळ्यानं बांधली. खोली हातभर लांब निघाली. पट्टीभर तुकडे जोडले, हा कोपरा तेवढा राह्यला."

"लेकरायले जागा जास्त झाली," डोमाजी पुटपुटला.

"हो नं. पावसाले बी झाली."

तिवशाला पत्रा मिळेना. शोधायला गेलेले दोघे रिकाम्या हातानं सकाळीच परत आले होते. गवतानं झाकलं तर रात्रीत गळेल, आणि साहेबानं स्पष्ट सांगितलेलं, गळकी खोली चालणार नाही. खुशालराव त्या भोकाखाली उभे राहिले. वर ढग चालले होते. मग त्यांनी आपण आणलेल्या पत्र्याकडे पाहिलं. सुंदराबाईनंही पाहिलं. पण मागणं तिच्या जिभेवर नव्हतंच कधी.

"डोमाजीबाबा," खुशालराव म्हणाले, "एवढा पत्रा पुरते का?"

डोमाजीनं डोळ्यानं मापलं. "पुरते."

"दोरी लावा!" सुंदराबाई ओरडली. सगळी वस्ती हसली. या वेळी डोमाजीनं दोरी लावली. पुरला. वर चार बोटं उरला.

"भाऊ, हा उसना," सुंदराबाई म्हणाली. "दिवाळीत कापूस येचला का आमी दुसरा पत्रा आणू. हा तुमचा तुमाले परत."

"कबूल."

खुशालराव स्वतः वर चढले. आयुष्यात त्यांनी खिळा ठोकला तो बोर्डापुरता. इथं तासभर ठोकले. अंगठा फुटला, धोतर चिखलात भरलं. अक्षरांवर पाऊस पडून रंग जाऊ नये म्हणून डोमाजीनं अक्षरांची बाजू खाली, खोलीच्या आत केली.

खाली आले तेव्हा सुंदराबाईनं कप पुढे केला. मग हात जरा मागे घेतला. "चहा हाय. घेता का, भाऊ? नाई घेतला तरी राग नाई."

खुशालरावांना तो मंडप आठवला. कितीतरी कीर्तनं त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकली होती, डोळे पुसत ऐकली होती. मंडपाच्या बाहेर रस्त्यावर कोण बसून ऐकतं, हे मान वळवून पाहायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. बाहेर बसलेल्या एकीनंच त्यांचा नेम नीट ऐकला होता. त्यांनी कप घेतला, ओट्यावर बसले, शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

"साखर जास्त झाली का?"

"बरोबर हाय. आणखी असला तर द्या."

मग कडुलिंबाखाली बरोबर आणलेलं दुसरं धोतर अंथरून त्यांनी पाट्या मांडल्या. एकेक बाई, एकेक बाप येई, पाटी बोटानं वाजवून पाही, पैसे देई. कर कोणी दिला नाही, कोणी मागितला नाही. पंचफुलेनं आपली पाटी निवडायला सगळ्यांत जास्त वेळ लावला. तिनं प्रत्येक पाटी कानाशी धरून वाजवली.

त्या रात्री खुशालराव डोमाजीच्या ओसरीवर झोपले, आणि पाऊस आला. सकाळी आधी कोणी तोंडही धुतलं नाही, सगळे खोलीत. जमीन कोरडी होती. कोपरासुद्धा.

अकराच्या सुमारास नाल्यापलीकडे जीप थांबली. साहेब उतरले, आणि मागून एक तरुण मास्तर. मास्तरची लोखंडी ट्रंक जीपमध्येच राहिली. खुशालरावांचा डोळा त्या ट्रंकेवरच. ट्रंक उतरली तर शाळा. नाही उतरली तर जीप पुढं, आणि त्यांचा नेम त्यांच्या मागं, जन्मभर.

साहेब पाण्यातून आले. खोलीत वाकून शिरले. भिंतीवर हात फिरवला, जमीन पायानं दाबून पाहिली. लेकरं रांगेत बसली होती, मांडीवर पाट्या.

"किती आहेत?"

"बावीस," सुंदराबाई म्हणाली.

साहेबांनी मोजलं. बावीसच. "पाट्या यांच्याच का? की मागून आणल्या दाखवायला?"

पावती कोणाकडेच नव्हती. खुशालराव पुढे सरकले, पण सुंदराबाई आधी बोलली.

"साहेब, लेकरायलेच विचारा. समद्या पाट्या इथं ढिगात टाका. ज्याची थो उचलून घेईन."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी खरंच पाट्या गोळा करवल्या, उलटसुलट केल्या. सगळ्या एकाच दुकानातल्या, एकाच लाकडी चौकटीच्या. लेकरं तुटून पडली. पंचफुलेनं एकेक पाटी कानाशी धरून टिचकी मारली. पाचवी तिची निघाली. मागच्या बाजूला तिनं रात्री कोळशानं एक वेल काढलेली होती.

साहेब हसले. मग मान वर करून छप्पर पाहू लागले. पाहता पाहता त्यांची नजर उजव्या कोपऱ्यावर थांबली. निळी अक्षरं.

"शाळेच्या सामानावर विक्रीकर माफ," त्यांनी वाचलं. "शेवटच्या शाळेची घंटा वाजेपर्यंत. हे काय?"

खुशालरावांनी हात जोडले. "माहा नेम हाय, साहेब."

"छपराला?"

"आधी दुकानाले होता. इथं कमी पडला, म्हणून इकडं आणला."

साहेबांनी पुढे विचारलं नाही. दाराशी जाऊन त्यांनी पलीकडे ड्रायव्हरला हाक मारली, "मास्तरची ट्रंक उतरवा!"

ट्रंक डोक्यावर घेऊन नाला ओलांडायला डोमाजीच धावला. "माह्या पन्नास वर्षाच्या भिंतीची शपथ," तो वाटेत म्हणत होता, "ट्रंक भिजू देणार नाई."

घंटा म्हणून कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगला होता. मास्तरनं लोखंडी सळई उचलून साहेबांपुढे धरली. साहेबांनी सुंदराबाईकडे बोट केलं. सुंदराबाईनं ती खुशालरावांपुढे केली.

"तुमचा नेम, भाऊ. तुमी वाजवा."

"नेम माहा," खुशालराव म्हणाले. "घंटा तुमची."

सुंदराबाईनं पदर खोचला. पहिला टोला बसला तेव्हा कडुलिंबावरचे पोपट उडाले. दुसरा टोला नाल्यापलीकडच्या गावात ऐकू गेला. ती थांबेचना. मास्तर म्हणाला, "बाई, पुरे, भरली शाळा." ती म्हणाली, "थांबा हो मास्तर. अमरावतीले आयकू जाऊ द्या. तिथं एक पंजाबराव बसून राह्यते म्हणे."

मंगळवारी दुकान उघडलं. दुर्गाबाईंनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या पावतीवर कर लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. खुशालरावांनी मान हलवली. समोरून पंजाबराव आलेच.

"का हो, बोर्ड कुठं गेला?"

"शाळेत," खुशालराव म्हणाले. "अक्षरं पोरायले दाखवाले."

दिवाळीनंतर सुंदराबाई आली. डोक्यावर नवा पत्रा. म्हणाली, "भाऊ, हा घ्या तुमचा. जुना काढाले गेलो, तर लेकरं रडाले लागली. पंचफुला त्याच्यावरची ओळ वाचून दाखवते समद्यायले. तवा नवाच घ्या."

खुशालरावांनी तो दुकानावर लावला. कोराच ठेवला. पेंटरला बोलावलं नाही.

तर बापहो, मायबहिणींनो, कथा एवढीच. घरी जाल, उद्या सकाळी तुमच्या गावात शाळेची घंटा वाजेल. ती वाजली की एकदा दाराबाहेर, रस्त्याकडे पाहा. तिथं विटांच्या धुळीत बसून, हातातली भाकर तशीच धरून, ज्या सुंदराबाईनं खुशालरावांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द मनात ठेवला, तिची तेवढी आठवण ठेवा.